उरींची ‘नजर’ आणि दिवेआगरची भरती

पर्यटनावर संशोधन आराखडा लिहायला बसलं की पहिल्या दोन पानांत जॉन उरी येतातच. ‘द टूरिस्ट गेझ’ हे त्यांचं पुस्तक 1990 चं. ते वाचलं नसलं तरी सार तुम्हाला माहीत असतं: पर्यटक जागा नुसती बघत नाही, चित्रांतून आधीच शिकलेल्या जागेशी ती ताडून बघतो. पेटला एवढं पुरतं. पण संकल्पना आराखड्यात वापरायची तर ती कुठे तोकडी पडते, हे गाईडने विचारायच्या आधी तुम्हीच विचारलेलं बरं. त्यासाठी अगदी ओळखीचं उदाहरण घेऊ. पहाटे पुण्याहून निघायचं, दिवेआगरचा समुद्र करायचा आणि रात्री घरी.

पुस्तकाचं मोठेपण आधी मान्य करू. फुकोंच्या वैद्यकीय नजरेच्या विचारावरून उरींनी दाखवलं की सुट्टीतलं बघणंही समाजाने घडवलेलं असतं. एकांत मागणारी नजर वेगळी आणि गर्दी असल्याशिवाय मजा न येणारी वेगळी, हा त्यांचा भेद आजही उपयोगी आहे. इंग्लंडच्या समुद्रकाठच्या गावांचा उदय-अस्त सांगणारं प्रकरण तर जरूर वाचा.

अडचण सुरू होते व्याख्येपासून. पर्यटनाची लक्षणं सांगताना उरी प्रवास आणि मुक्काम या दोन्हींवर उभे राहतात. आपल्या सहलीत मुक्कामच नाही. ताम्हिणीतून माणगावमार्गे दीडशेहून जास्त किलोमीटर, चहा-नाश्ता धरून चार-साडेचार तास, आणि तेवढेच परत. समुद्रावर उरतात जेमतेम चार-पाच तास, त्यातही जेवण. म्हणजे दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो. या लोकांची ‘नजर’ अभ्यासायला तुम्ही किनाऱ्यावर प्रश्नावली घेऊन उभे राहिलात, तर अर्धी सहल तुमच्या हातून आधीच निसटलेली असेल.

हा फक्त उरींचा दोष नाही. आंतरराष्ट्रीय पर्यटन सांख्यिकीत रात्र काढली तर ‘पर्यटक’, नाही तर ‘त्याच दिवशी परतणारा पाहुणा’ असे दोन वेगळे खण आहेत. हॉटेल-लॉजच्या नोंदींवर आकडे काढले की दुसरा खण गायब. गंमत म्हणजे ज्या इंग्लंडवर हे पुस्तक उभं आहे तिथेच हा माणूस ठळक दिसतो. यॉर्क हे आतल्या भागातलं जुनं शहर 1845 मध्ये रेल्वेने स्कारबरोच्या समुद्राशी जोडलं गेलं. पुढे सहलीच्या गाड्यांची गर्दी एवढी वाढली की 1908 मध्ये स्कारबरोला त्यांच्यासाठी वेगळं स्टेशन उघडावं लागलं.

दुसरी अडचण: समुद्र बघायलाच लोक येतात, हे गृहीतक. दिवेआगरला 1997 मध्ये जमिनीत सोन्याचा गणपती सापडला आणि पुण्याहून जाणाऱ्यांची सहल ‘देवदर्शन अधिक समुद्र’ अशी झाली. मार्च 2012 मध्ये मूर्ती चोरीला गेली. किनारा होता तसाच होता, पण गावातला धंदा मंदावल्याची ओरड झाली. 2021 मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना झाली. नजर समुद्रावर खिळलेली असती, तर एका मूर्तीने एवढा फरक का पडावा? आजी दर्शनाला, मुलं पाण्याला आणि बाकीचे फोन करून आधी सांगून ठेवलेल्या उकडीच्या मोदकांना, अशी एका गाडीत तीन कारणं बसलेली असतात. त्यांना एकच ‘गेझ’ कसा लावणार?

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तिसरी गोष्ट. नजरेला भरती-ओहोटी नसते. ‘तिथीची पाऊणपट’ हा कोकणातला हिशोब आहे: अष्टमीला भरती साधारण सहाला, पौर्णिमेला साधारण सव्वाअकराला. रोज ती सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. मुक्कामी माणूस थांबू शकतो. तुमचा सहलकरी मात्र घाटाने ठरवलेल्या वेळी पोचतो आणि पाणी वर येत असो वा ओढत असो, त्याच वेळी उतरतो. 1 फेब्रुवारी 2016 ला पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. त्या घटनेचं कारण मी इथे ठरवत नाही. पण समुद्रकाठच्या सहलीचा जो सिद्धांत पाण्यात उतरलेल्या शरीराबद्दल गप्प राहतो, तो निव्वळ अपुरा नाही, इथे तो कामाचा नाही.

शरीराचा मुद्दा माझा शोध नव्हे. वेयोला आणि योकिनेन यांनी 1994 मध्येच तो काढला होता, आणि 2011 च्या तिसऱ्या आवृत्तीत योनास लार्सन यांच्यासोबत उरींनी तो बराचसा सामावून घेतला. म्हणून आराखड्यात 1990 ची आवृत्ती उद्धृत करून ‘उरी शरीर विसरले’ असं लिहू नका, मुलाखतीत पकडले जाल. तिसऱ्या आवृत्तीवर टीका करायची तर ती वेळेवर करा. तिथेही सहलीचं घड्याळ कोण चालवतं हा प्रश्न मला नीट सुटलेला दिसत नाही.

क्षेत्रकाम करणार असाल तर पहिली मुलाखत किनाऱ्यावर नको, घरगुती खानावळीत घ्या. किती ताटं, किती वाजता आणि जेवणाआधी पाण्यात की नंतर, हे तिथे फोनवरच ठरलेलं असतं.