अरण्य, बंदूक आणि संयम : जेम्स फेनिमोर कूपरच्या कादंबऱ्यांतील हत्याराच्या निवडीचा प्रश्न

प्रस्तावना

अमेरिकन साहित्याच्या अध्यापनात जेम्स फेनिमोर कूपर (१७८९-१८५१) याचे नाव घेतले जाते, परंतु त्याच्या कादंबऱ्या फारशा वाचल्या जात नाहीत. मार्क ट्वेनने १८९५ मध्ये कूपरच्या वाङ्मयीन अपराधांवर जो उपहासात्मक लेख लिहिला, तो मूळ कादंबऱ्यांपेक्षा अधिक लोकप्रिय ठरला. शंभर यार्डांवरून खिळ्याचे डोके दिसणे कसे अशक्य आहे, हे ट्वेनने दाखवून दिले, आणि कूपरच्या बंदुका म्हणजे केवळ बालिश अतिशयोक्ती असा समज रूढ झाला. दुसऱ्या बाजूला डी. एच. लॉरेन्स (१९२३) आणि रिचर्ड स्लॉटकिन (१९७३) यांनी कूपरच्या शिकारी नायकाला अमेरिकन मनाच्या मुळाशी असलेल्या हिंसेचे प्रतीक मानले. पहिल्या भूमिकेत बंदूक हास्यास्पद ठरते, दुसऱ्या भूमिकेत ती प्रतीक ठरते. ती एक हत्यार आहे, विशिष्ट अरण्यासाठी विशिष्ट माणसाने निवडलेले साधन आहे, या साध्या वस्तुस्थितीकडे मात्र दोन्ही बाजूंनी दुर्लक्ष होते.

प्रस्तुत लेखात 'द पायोनियर्स' (१८२३) आणि 'द डिअरस्लेअर' (१८४१) या दोन कादंबऱ्यांचा विचार केला आहे. दाट डोंगराळ अरण्यात हरणाच्या शिकारीसाठी कोणते हत्यार योग्य, हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न या कादंबऱ्यांत नैतिक प्रश्नाचे रूप कसे घेतो, आणि त्याचे उत्तर हत्यारात सापडते की अन्यत्र, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

हत्याराची पार्श्वभूमी

दोन्ही कादंबऱ्यांचे स्थळ न्यूयॉर्क राज्यातील ऑत्सेगो सरोवर व त्याभोवतीचे वृक्षाच्छादित डोंगर हे आहे. कूपरचे वडील न्यायाधीश विल्यम कूपर यांनी तेथे कूपर्सटाउन ही वसाहत वसवली आणि लेखकाचे बालपण तेथेच गेले. अशा अरण्यात दृष्टी फार दूर पोहोचत नाही. हरीण दिसते ते दोन खोडांच्या मधल्या फटीत, क्षणभर आणि बहुधा जवळच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस शिकाऱ्यापुढे दोन पर्याय होते. पहिला गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुकीचा. तीत एकाच वेळी अनेक जाड छर्रे भरता येतात. नेम थोडा चुकला तरी एखादा छर्रा लागतो. तीस-चाळीस यार्डांच्या अंतरात, दाट झाडीत, हे हत्यार व्यवहार्य आहे, हे मान्य केले पाहिजे. दुसरा पर्याय म्हणजे पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी विकसित केलेली लांब रायफल. तिच्या नळीत पेचदार खाचा असतात. तेलकट कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली एकच गोळी ठासून बसवावी लागते आणि पुन्हा भरण्यास बराच वेळ लागतो. परंतु नेम अचूक असतो आणि शिसे वाचते. .४५ इंच व्यासाच्या गोळ्या एका पौंड शिशात सुमारे पन्नास होतात, तर सैनिकी मस्केटच्या .६९ इंची गोळ्या जेमतेम चौदा. महिनोन्‌महिने वसाहतीपासून दूर राहणाऱ्या माणसाला हा हिशेब निर्णायक वाटत असे. म्हणजे अरण्यात लांब रायफल बाळगण्यामागे दूरच्या नेमापेक्षा काटकसरीची गरज मोठी होती.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. रायफलधारी शिकाऱ्याला चुकण्याची मुभा नसते. पहिली गोळी वाया गेली तर दुसरी भरेपर्यंत हरीण डोंगरापलीकडे गेलेले असते. त्यामुळे त्याला थांबावे लागते, वाट पाहावी लागते आणि कित्येकदा चाप न ओढता परत फिरावे लागते. नॅटी बंपो या कूपरच्या नायकाचा प्रसिद्ध संयम प्रथमतः या साधनाच्या मर्यादेतून घडला आहे. गरजेपोटी अंगी बाणलेली सवय पुढे मूल्य म्हणून सांगितली जाते, आणि कूपर ही प्रक्रिया नेमकी पकडतो.

'द पायोनियर्स' : छर्ऱ्यांचा हिशेब

१७९३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ही कादंबरी सुरू होते. बर्फाच्छादित डोंगरावर न्यायाधीश मार्माड्यूक टेंपल हरणावर बार टाकतात. पाठोपाठ रायफलीचे दोन आवाज होतात आणि हरीण कोसळते. हरीण कोणाचे, यावरून टेंपल आणि सत्तरीतील नॅटी यांच्यात वाद होतो. या वादाचा निकाल वक्तृत्वाने लागत नाही, पुराव्याने लागतो. नॅटीसोबतचा तरुण ऑलिव्हर एडवर्ड्स न्यायाधीशांना छर्रे मोजायला लावतो. जाड छर्रे पाच होते; चार पाइनच्या झाडात रुतलेले आहेत आणि पाचवा एडवर्ड्सच्या खांद्यात आहे.

या प्रसंगाचे वाचन बहुधा मालमत्तेच्या अंगाने केले जाते, आणि ते योग्यही आहे. कारण टेंपल लगेच पैसे देऊ करतात आणि 'माझ्या' अरण्यात शिकारीचा हक्कही बहाल करतात. परंतु हत्याराच्या अंगाने पाहिल्यास प्रसंगाला आणखी धार येते. छर्ऱ्यांची बंदूक हे चुकीची तजवीज करून ठेवणारे हत्यार आहे. आपला नेम चुकेल हे गृहीत धरून ती अनेक गोळ्या सोडते. त्यांपैकी ज्या हरणाला लागत नाहीत त्या कोठे जातात, हा प्रश्न झाडणाऱ्याला पडत नाही. कूपर तो प्रश्न पहिल्याच प्रकरणात विचारतो, आणि उत्तर म्हणून एक जखमी माणूस उभा करतो. पुढे संपूर्ण कादंबरीभर कायद्याचे महत्त्व सांगणारा हा न्यायाधीश आरंभीच बेपर्वाईने एका माणसाला जखमी करतो. त्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. तो उपचाराची व्यवस्था करतो आणि प्रकरण मिटते.

हीच रचना कबुतरांच्या प्रसंगात विस्तारते. वसंतात स्थलांतर करणाऱ्या कबुतरांच्या थव्यांवर गावकरी बंदुका चालवतात, अखेर एक छोटी तोफही आणतात. नॅटी उडत्या थव्यातील एकच पक्षी एकाच गोळीने पाडतो आणि निघून जातो. या जातीचे शेवटचे ज्ञात कबुतर सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १९१४ मध्ये मेले, हे आजच्या वाचकाला ठाऊक असते. कूपरला ते ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही संहार कोणत्या वृत्तीतून होतो हे त्याने अचूक ओळखले होते.

जेथे रायफल नाही

आतापर्यंतच्या विवेचनावरून 'एक गोळी म्हणजे नीती, अनेक छर्रे म्हणजे अनीती' असे सोपे समीकरण मांडण्याचा मोह होतो. अनेक अभ्यासक या टप्प्यावर थांबतात. कूपर मात्र थांबत नाही, आणि त्याची खरी प्रतिष्ठा येथेच आहे.

टेंपल यांच्या पुढाकाराने हरणांच्या शिकारीला बंदीचा काळ लागू झालेला असतो. त्या काळात नॅटीची कुत्री एक नर हरीण सरोवरात उतरवतात. (कुत्र्यांचे दोर हायरम डूलिटल या लबाड अधिकाऱ्यानेच कापले आहेत.) नॅटी, वृद्ध मोहिकन जॉन आणि एडवर्ड्स होडीत आहेत. एडवर्ड्स प्रथम कायद्याची आठवण करून देतो. नंतर पाठलागाच्या धुंदीत स्वतःच हरणाच्या शिंगांवर दोर टाकतो आणि नॅटी सुरीने त्याचा गळा चिरतो. या शिकारीत अन्नाची निकड दिसत नाही, नेमाचे कौशल्य दिसत नाही आणि ती रायफलही नाही, जिच्या संथपणाने आजवर नॅटीला थांबायला शिकवले. साधन बदलताच संयमही सुटतो. प्राण्याला निसटण्याची संधी देणारी फट येथे उरत नाही; पाण्यात सापडलेले हरीण असहाय आहे.

म्हणून नॅटीला केवळ अन्यायाचा बळी मानणारे वाचन अपुरे आहे. टेंपल यांचा कायदा तत्त्वतः बरोबर आहे, कारण उत्तम माणसाचा आत्मसंयमही एखाद्या सकाळी ढळतो. परंतु कायद्याची अंमलबजावणी ज्यांच्या हाती आहे ते डूलिटलसारखे आहेत. त्यांना हरणाची नव्हे, नॅटीच्या झोपडीत दडलेल्या चांदीची फिकीर आहे. झडतीला आलेल्यांना नॅटी रायफल रोखून अडवतो आणि त्याबद्दल त्याला खोड्यात बसावे लागते, दंड आणि तुरुंगवास भोगावा लागतो. ज्या टेंपलच्या मुलीला त्याने त्याच रायफलीने प्यूमापासून वाचवले, तोच टेंपल ही शिक्षा सुनावतो. आत्मसंयम पुरेसा नाही आणि कायदा निष्पक्ष नाही, ही दोन्ही विधाने कादंबरी एकाच वेळी खरी मानते. तिच्यातील तणाव शेवटपर्यंत सुटत नाही. नॅटी पश्चिमेकडे निघून जातो, एवढेच.

'द डिअरस्लेअर' : परिपूर्ण हत्याराची कसोटी

अठरा वर्षांनंतर कूपर त्याच सरोवरावर परत येतो, परंतु काळ अर्धशतक मागचा, १७४० च्या दशकाचा आहे. तरुण नॅटीचा सोबती हरी हॅरी काठावरच्या हरणावर घाईने गोळी झाडतो, ती चुकते आणि तिचा आवाज डोंगरांतून घुमत राहतो. गरजेवाचून प्राणी न मारण्याची आपली रीत नॅटी त्याला सांगतो. पुढे हाच हॅरी अंधारात किनाऱ्याकडे उगाच बार टाकतो आणि एक आदिवासी मुलगी मरते. टेंपलच्या पाचव्या छर्ऱ्याचे हे अधिक भीषण रूप होय. लक्षणीय बाब ही की हॅरीच्या हाती रायफलच आहे. अर्थात दोष नळीच्या प्रकारात शोधून चालणार नाही.

या कादंबरीत ज्युडिथ हटर नॅटीला 'किलडिअर' नावाची अप्रतिम रायफल भेट देते. ती मिळताच नॅटी व चिंगाचगूक तिची परीक्षा घेऊ लागतात, आणि नॅटी आकाशात उंच उडणारा गरुड पाडतो. ना त्याचे मांस हवे आहे, ना पिसे. पक्षी खाली पडल्यावर नॅटीला खंत वाटते. ज्याने नुकतेच संयमाचे तत्त्व सांगितले, त्याच्याकडून पहिला निरर्थक वध घडतो तो सर्वोत्तम हत्यार हाती आल्यावर. 'मारता येते' आणि 'मारावे' यांतील अंतर साधन जितके सुधारते तितके कमी होत जाते, असे कूपर येथे सुचवतो. नॅटीची महत्ता तो चुकत नाही यात नसून चुकीचे नाव चूक हेच ठेवतो यात आहे.

उत्तरकालीन प्रतिध्वनी

१८९४ मध्ये विंचेस्टर कंपनीची आखूड, हलकी, खालच्या दांड्याने पुन्हा भरता येणारी रायफल आली. लवकरच .३०-३० काडतुसासह ती दाट अरण्यातील हरणांच्या शिकारीचे जणू प्रमाण हत्यार ठरली. दुसरी, तिसरी गोळी आता क्षणात उपलब्ध होती. जड गोळी झुडूप फोडून जाते असा समजही शिकाऱ्यांत रुजला. प्रत्यक्षात फांदीला लागून कोणतीही गोळी वळू शकते. फट मिळेपर्यंत थांबण्याला पर्याय आजही नाही. संयम आता यंत्राने लादलेला नव्हता, तो स्वेच्छेने स्वीकारावा लागत होता. आल्डो लिओपोल्डने 'अ सँड काउंटी अल्मनॅक' (१९४९) मध्ये एका गोळीत एक हरीण या जुन्या शिस्तीचा गौरव केला आणि उपकरणांच्या गर्दीत ती हरवत असल्याची चिंता व्यक्त केली, ती याच संदर्भात. विल्यम फॉकनरच्या 'द बेअर' (१९४२) मधील आइक अस्वलाचे दर्शन व्हावे म्हणून बंदूक, मग घड्याळ व होकायंत्रही मागे ठेवतो. येथे हत्याराची निवड म्हणजे हत्याराचा त्याग.

मायकेल चिमिनोच्या 'द डिअर हंटर' (१९७८) या चित्रपटात पेनसिल्व्हेनियातील पोलाद कामगार मायकेल डोंगरातील शिकारीत 'एकाच गोळी'चा आग्रह धरतो. व्हिएतनाममध्ये तीच एक गोळी रिव्हॉल्व्हरच्या जुगारात माणसाच्या कपाळाला लागते. परत आल्यावर मायकेल समोर आलेल्या हरणाला जाऊ देतो. कौशल्याचा अभिमान आणि जीवाविषयीचा आदर या दोन गोष्टी एक नव्हेत, हे कूपरच्या गरुडाने सांगितलेले सत्य येथे पुन्हा प्रकटते.

समारोप

शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी असलेल्या देशातील वाचकाला हे साहित्य परके वाटणे स्वाभाविक आहे. ॲपलाचियन पर्वतराजीतील काही भागांत लांडगे व प्यूमा नाहीसे झाल्यानंतर हरणांची संख्या इतकी वाढली की वनांचे पुनरुज्जीवनच अडखळले. तेथे शिकारीचा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. म्हणून आपल्या परिस्थितीचे निकष या कादंबऱ्यांवर थेट लादता येणार नाहीत. तरीही वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कूपरच्या कादंबऱ्यांतील बंदुकीला केवळ प्रतीक मानल्यास छर्ऱ्यांच्या हिशेबासारखे प्रसंग निस्तेज होतात. हत्याराची यंत्रणा समजून घेतल्याशिवाय त्यांचा नैतिक आशय हाती लागत नाही.

२) नॅटीचा संयम काही अंशी साधनाच्या मर्यादेतून आला आहे. सरोवरातील हरीण आणि 'किलडिअर'ने पाडलेला गरुड हे दोन प्रसंग ती मर्यादा दूर झाल्यावर काय घडते ते दाखवतात.

३) आत्मसंयम आणि कायदा यांपैकी एकाची निवड कूपर करत नाही. दोहोंची अपूर्णता तो सारख्याच प्रामाणिकपणे नोंदवतो.

ट्वेनने दाखवलेले तांत्रिक दोष खरे असतील. तथापि न लागलेल्या गोळ्या कोठे गेल्या, हा प्रश्न कूपरने अमेरिकन कादंबरीच्या बाल्यावस्थेतच विचारला. वर्गात त्याचा नामोल्लेख करून पुढे जाण्याऐवजी 'द पायोनियर्स'चे निदान पहिले प्रकरण विद्यार्थ्यांसमवेत वाचले जावे, एवढी अपेक्षा येथे नोंदवावीशी वाटते.