‘पॉवर’ एक, अर्थ अनेक

कोयनेच्या खोऱ्यात ‘पॉवर’ हा शब्द शाळेत न गेलेल्यांच्याही तोंडी असतो. घाटाखाली पोफळीला पॉवर हाऊस, विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर, आजोबांच्या चष्म्याची वाढलेली पॉवर आणि पंचायतीत पॉवर कोणाची ही पारावरची चर्चा. एकाच शब्दावर चार कामे भागतात. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. विज्ञानाच्या तासाला मात्र बिघडते.

वास्तविक या अर्थांसाठी मराठीत निरनिराळे शब्द आहेत. कार्य करण्याचा दर ती शक्ती, संख्येचा घात, माणसांवर चालते ती सत्ता. इंग्रजीला न मिळालेली ही सोय आपण नीट वापरत नाही, ही आमची तक्रार आहे. अणूतून मिळते ती ऊर्जा. पण मुंबईतील वसाहत अणुशक्तीनगर. भिंगाचीही पुस्तकात ‘शक्ती’च असते. ती मोजतात डायॉप्टरमध्ये, म्हणजे नाभीय अंतर मीटरमध्ये घेऊन त्याचा व्यस्तांक काढतात. वॅटशी तिचा काहीही संबंध नाही. हे एक वाक्य शिकवताना गाळू नये.

सर्वांत महागात पडते ती शक्ती आणि ऊर्जा यांची गल्लत. ‘कोयनेत रोज १९६० मेगावॅट वीज तयार होते’ अशा धर्तीची वाक्ये आपण सहज वाचतो. १९६० मेगावॅट ही सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची स्थापित क्षमता आहे, म्हणजे वीज निर्माण करण्याचा कमाल दर. तिला ‘रोज’ लावणे म्हणजे ‘गाडी रोज ताशी साठ किलोमीटर जाते’ असे म्हणणे. गाडी किती तास चालली, हे कळल्याशिवाय अंतर कसे कळणार?

सगळे संच वर्षभर, ८७६० तास, पूर्ण क्षमतेने चालले तर सुमारे १७१७ कोटी युनिट वीज होईल. प्रत्यक्षात ती याच्या कितीतरी कमी होते. कारण कृष्णा पाणी तंटा लवादाच्या १९७६ सालच्या निर्णयाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा आहे. यंत्रांची शक्ती मोठी, पाण्यातून मिळणारी ऊर्जा मोजकी. म्हणून कोयना प्रामुख्याने मागणी वाढलेल्या वेळी उपयोगी पडते. शक्ती आणि ऊर्जा एकच मानणाऱ्याला हे कोडे सुटणार नाही.

याच पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. वाऱ्यातून मिळू शकणारी शक्ती त्याच्या वेगाच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाला तर ती आठपट होते. हेच वाक्य इंग्रजीत सांगताना ‘पॉवर’ दोनदा येतो, दोन वेगळ्या अर्थांनी. मराठीत शक्ती आणि घात आपोआप वेगळे राहतात.

शिक्षकांना आमची एवढीच सूचना : विद्यार्थ्यांना घरचे वीजबिल आणायला सांगावे. त्यावर मंजूर भार किलोवॅटमध्ये आणि वापर युनिटमध्ये छापलेला असतो. पहिला आकडा शक्तीचा, दुसरा ऊर्जेचा. पैसे मुख्यतः कोणत्या आकड्याप्रमाणे वाढतात, हे मुलांनी स्वतः शोधावे. व्याख्या पाठ करून घेण्याची वेळ त्यानंतरची.