पाहुणे पाच, कप एक

आमच्या माबेलातल्या घरी शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजली. शेजारच्या ओमानी काकू, त्यांची बहीण, सून आणि दोन मुली. न सांगता, हातात खजुराचा डबा घेऊन. नवरा बाहेर गेलेला. मी मोठ्या उत्साहाने कॅप्सूलचं कॉफी यंत्र सुरू केलं. पहिला कप, घरघर. कॅप्सूल काढा, दुसरी घाला, दुसरा कप, पुन्हा घरघर. दर वेळी पंपाच्या आवाजात बोलणं थांबायचं. पाचवा कप भरला तेव्हा पहिला गार झाला होता, कारण पाहुण्या एकमेकींसाठी थांबल्या होत्या. शेवटी काकूंनी एका मुलीला घरी पाठवलं आणि ती काहव्याचा थर्मास घेऊन आली. माझ्याच घरात मला त्यांनी काहवा पाजला!

त्या दिवसापासून मी या यंत्राकडे समीक्षकासारखी बघायला लागले. आधी त्याच्या बाजूने बोलू. कॉफी वाईट नसते. प्रत्येक कॅप्सूलमध्ये मोजून ५-६ ग्रॅम पूड, हवाबंद, त्यामुळे सकाळी सहा वाजताचा कप कालच्यासारखाच लागतो. नवशिक्याच्या हातून बिघडण्यासारखं काही उरतच नाही. तक्रार दराची करता येईल. आम्हाला एक कॅप्सूल साधारण २०० बैशांना पडते, म्हणजे कॉफी किलोला ३३ ते ४० रियाल. पण सोय विकत घेताना आपण किलोचा भाव काढत नाही, तो न काढणं हाच तर सोयीचा अर्थ.

दुसरी नेहमीची तक्रार कचऱ्याची. हॅम्बुर्ग शहराने २०१६ साली सरकारी पैशातून अशा कॅप्सूल घ्यायला मनाई केली. क्युरिग यंत्राच्या जनकांपैकी एक, जॉन सिल्व्हन, यांनी २०१५ साली आपल्या शोधाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तरी हा मुद्दा दिसतो तितका सरळ नाही. कॉफीच्या कपाचा पर्यावरणावरचा बराचसा भार शेतात आणि पाणी तापवण्यात असतो. जास्त पूड घालून भांडंभर कॉफी करायची आणि अर्धी मोरीत ओतायची, तर ती कॅप्सूलपेक्षा महाग पडू शकते. अर्थात रिकामी कॅप्सूल पुढे कुठे जाते हे गावावर ठरतं. पुण्यात आईकडे ‘स्वच्छ’च्या कचरावेचक ताई सुका कचरा वेगळा नेतात. इथे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सगळ्यासाठी मिळून एकच मोठा डबा.

पण माझा आक्षेप चवीवर नाही, कचऱ्यावरही नाही. तो या यंत्राच्या मापावर आहे. त्याचं माप ‘एक’ आहे, आणि ते घरात ठरलेलं नाही.

नेस्लेत काम करणाऱ्या एरिक फाव्र यांच्या कॅप्सूल पद्धतीचं पेटंट १९७६ चं. नेस्प्रेसो कंपनी उभी राहिली १९८६ साली, आणि सुरुवातीला तिची नजर ऑफिसांवर होती. घरांकडे मोर्चा वळला तो १९८८ साली जाँ-पॉल गायार आल्यावर. अमेरिकेतल्या क्युरिगचंही तेच. १९९८ साली आलेलं त्यांचं पहिलं यंत्र ऑफिसांसाठी होतं, घरगुती यंत्र नंतर आलं. ऑफिसात हे माप चोख बसतं. तिथे प्रत्येकाची वेळ वेगळी, आवड वेगळी, आणि कुणी कुणाचा पाहुणा नसतो. ते गणित आपण उचलून ओट्यावर आणून ठेवलं.

घराचं माप वेगळं असतं. आपल्याकडे कॉफी ‘टाकतात’. पातेल्यात दूध, साखर, कॉफी, वर किसलेलं जायफळ. चार कप टाकले आणि पाचवं माणूस आलं तर थोडं दूध वाढवायचं, नाहीतर सगळ्यांना जरा कमी द्यायची. पातेल्यात पाचवा कप मावतो. ओमानी काहव्याचंही तसंच. वेलदोडा घातलेली फिकी कॉफी, इवलासा फिंजान, तोही पूर्ण भरायचा नाही. पाहुण्याने फिंजान हलवून ‘पुरे’ म्हणेपर्यंत ओतत राहायचं. २०१५ साली युनेस्कोने अरबी कॉफीला जो वारशाचा दर्जा दिला, त्यातही कॉफी म्हणजे औदार्याचं प्रतीक असंच म्हटलं आहे. आणि काकूंचा थर्मास? तीही यंत्रासारखीच कारखान्यात तयार झालेली वस्तू. पण जे माणूस अजून आलेलं नाही, त्याच्यासाठी थर्मास कॉफी गरम ठेवतो. कॅप्सूलचं यंत्र आलेल्या माणसालाही रांगेत उभं करतं.

इथवर मी स्वतःवर खूश होते. मग हिवाळ्यात आई राहायला आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती ओट्याशी उभी राहून स्वतःसाठी कॉफी करून घेत होती. म्हणाली, “अगं, हे यंत्र बरंय तुझं. प्यावीशी वाटली की आपली आपण. कुणाला सांगायला नको, आणि कुणी मला सांगायला नको.”

चाळीस वर्षं ‘जरा कॉफी टाक गं’ ऐकलेली बाई बोलत होती. मी ज्या पातेल्याचे गोडवे गात होते, ते पातेलं तिच्या हातात होतं. पाचवा कप मावायचा, पण तो मावून घेणारी ती होती. बऱ्याचदा तिचाच कप त्यात विरून जायचा. पाहुणचाराची समीक्षा करताना तो कुणाच्या कष्टावर उभा आहे हे मी विसरले होते.

म्हणजे यंत्र जिंकलं का? मला अजूनही तसं वाटत नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन यांचं १९८३ सालचं ‘मोअर वर्क फॉर मदर’ हे पुस्तक अमेरिकेतल्या घरगुती यंत्रांचा इतिहास सांगतं. त्यांचं म्हणणं असं, की यंत्रांनी बरीचशी पुरुषांची आणि मुलांची कामं संपवली, बाईची कामं नुसती बदलली. आमच्या घरात बघा. नवरा आपला कप आपण करतो, मी माझा. समता आली असं आम्ही धरून चाललो होतो. पण वापरलेल्या कॅप्सूलचा डबा मी रिकामा करते. खालचा ठिबकलेला ट्रे मी धुते. कॅप्सूल संपत आल्या हे माझ्या लक्षात येतं.

‘कॉफी कुणी करायची?’ हा प्रश्न या यंत्राने सोडवला नाही. ‘कुणासाठी करायची?’ हा प्रश्नच पुसून टाकला, त्यामुळे पहिला विचारायची वेळ आली नाही. खरी समता म्हणजे पाच माणसं आल्यावर नवऱ्यानेही उठून पातेलं ठेवणं. ते शिकायची, त्यावरून भांडायची गरज आम्हाला कधी पडलीच नाही.

यंत्र मी काढून टाकलेलं नाही. सकाळी अल खौदला विद्यापीठात निघायच्या आधीच्या दहा मिनिटांत त्याला तोड नाही. आईला हवा होता तसा, कुणाच्याही परवानगीशिवायचा एक कप प्रत्येकाला मिळायलाच हवा. पण मागच्या महिन्यापासून शुक्रवारची कॉफी पातेल्यात होते आणि ती नवरा करतो. पहिल्यांदा जायफळ इतकं पडलं की आम्ही दोघंही दुपारभर झोपलो. यंत्राच्या हातून असं झालं नसतं, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते.

तुमच्याकडेही असं यंत्र असेल तर कॉफी कशी लागते ते नका सांगू. वापरलेल्या कॅप्सूलचा डबा कोण रिकामा करतं, तेवढं कळवा.