रेझीनची लघुशिल्पे आणि रंगकाराचे अर्थनिर्णयन : ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

खेळणे आणि कलाकृती यांच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या वस्तूंची दखल समीक्षेने क्वचितच घेतली आहे. युद्धखेळातील लघुशिल्पे ही अशीच एक उपेक्षित वस्तू होय. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातील सैनिकांच्या लढाईचे नियम मांडले. पुढे १९७५ मध्ये लंडन येथे ‘गेम्स वर्कशॉप’ ही संस्था स्थापन झाली आणि १९८७ मध्ये रिक प्रीस्टली यांच्या ‘वॉरहॅमर ४०,००० : रोग ट्रेडर’ने या परंपरेला विज्ञानकल्पनेची जोड दिली. सुमारे २८ मि.मी. प्रमाणातील या आकृती संग्राहक विकत घेतात, जोडतात आणि स्वतः रंगवतात. साच्यातून निघालेल्या प्रतीला रंग देणे ही निर्मिती आहे की केवळ कारागिरी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

माध्यमाचे स्वरूप :

प्लॅस्टिकच्या आकृती पोलादी साच्यात बनतात. हे साचे महाग असले तरी ते अगणित प्रती देतात. रेझीनची प्रक्रिया याहून वेगळी आहे. दोन द्रवांचे मिश्रण सिलिकॉनच्या लवचीक साच्यात ओतले जाते. साचा वाकत असल्याने खोल खाचा, वस्त्राच्या चुण्या, तुटक्या साखळ्या असे सूक्ष्म तपशील उमटतात. मात्र प्रत्येक ओतणीबरोबर साचा झिजतो. त्यामुळे प्रती मर्यादित राहतात आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्यांचे मोल वाढते.

या माध्यमाचे दोषही ठळक आहेत. हवेचे बुडबुडे, साच्याच्या सांध्याची रेघ, वाकलेली तलवार यांना सामोरे गेल्याशिवाय रंगकामास आरंभ होत नाही. साच्याचा तेलकट थर साबणाच्या पाण्याने धुवावा लागतो, वाकलेला भाग गरम पाण्यात धरून सरळ करावा लागतो, आणि घासताना उडणारी धूळ फुप्फुसास अपायकारक असल्याने मुखपट्टी बांधून ओले घासकाम करावे लागते. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३० च्या दशकात असे प्रतिपादन केले होते की, यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे एकमेवत्व क्षीण होते. येथे मात्र हा प्रवास उलट दिशेने घडताना दिसतो. प्रत हातात येते आणि श्रमातून ती एकमेव होत जाते. अर्थात न रंगवलेल्या खोक्यांच्या साठ्याला संग्राहक स्वतःच ‘लाजेचा ढीग’ म्हणतात, हेही विसरता येत नाही. केवळ मालकीने वस्तू आपली होत नाही, याची ती कबुलीच होय.

रंगशैली आणि आशय :

या खेळाचे कथाविश्व एकेचाळिसाव्या सहस्रकातील एका निर्दय, धर्मांध मानवी साम्राज्याचे आहे. त्याचा मूळ सूर उपहासाचा होता. परंतु उपहास शब्दांत टिकतो तितका सोनेरी चिलखतात टिकतो काय? नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीला जाहीर निवेदन काढून हे साम्राज्य आदर्श नसून उपहासविषय असल्याचे सांगावे लागले आणि द्वेषमूलक चिन्हे मिरवणाऱ्यांना आपल्या कार्यक्रमांत मज्जाव करावा लागला. कलाकृतीचा अर्थ निवेदनाने सांगावा लागणे हे तिच्या दृश्यरूपातील उणिवेचे लक्षण मानावे लागेल.

या उणिवेचा संबंध रंगशैलीशी आहे. कंपनीच्या ‘हेवी मेटल’ चमूची शैली प्रत्येक कडेवर उजळ रेघ देते. रंग स्वच्छ, सीमा स्पष्ट. खेळाच्या मेजावर हातभर अंतरावरून आकृती ओळखता यावी, ही तिची गरज रास्त आहे. परंतु सर्व काही सारखेच उजळल्याने जल्लाद आणि वीर यांच्यात फरक उरत नाही. याउलट चित्रकार जॉन ब्लांश यांच्या मातकट, तांबूस, कुजकट रंगसंगतीत तेच विश्व आजारी आणि भयग्रस्त दिसते.

‘फोर्ज वर्ल्ड’ या शाखेने रेझीनमध्ये काढलेले अँग्रॉनचे शिल्प या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कथेनुसार हा गुलाम योद्धा असून त्याच्या मेंदूत क्रोध चेतवणारी यंत्रे बळजबरीने बसवली आहेत. कवटीतून निघणाऱ्या नळ्या शिल्पात स्पष्ट दिसतात. चिलखत झळाळते ठेवून नळ्या काळ्या रंगात बुडवल्या, तर उरतो तो विजयी सेनानी. नळ्यांच्या मुळाशी सुजलेली त्वचा जांभळट छटांनी दाखवली आणि डोळ्यांची आखणी थकलेली ठेवली, तर तीच आकृती अत्याचारग्रस्त माणसाची होते. शिल्प तेच, प्रतही तीच. निर्णय मात्र रंगकाराचा.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, रंगकाराचे स्थान मूळ शिल्पकाराच्या खालचे नसून ते नटाच्या वा अनुवादकाच्या स्थानाशी समांतर आहे. संहिता दुसऱ्याची असली तरी उच्चार त्याचा असतो, म्हणून उत्तरदायित्वही त्याचेच ठरते. सफाईदार कडा ही कौशल्याची कसोटी आहे, कलेची नव्हे. या आकृतीने कोणाची बाजू घेतली, हा प्रश्न ज्या दिवशी स्पर्धांचे परीक्षक विचारू लागतील, त्या दिवशी या छंदाची स्वतंत्र समीक्षा सुरू झाली असे मानता येईल.