सैतानाची सनद

ख्रिस्ती लोक सैतानाला दुनियेचा मालक मानतात, असे आपल्याकडे अनेकदा ऐकू येते. ऐकीव गोष्टींवर दुसऱ्याच्या धर्माबद्दल मत बनवणे बरे नव्हे. म्हणून हा प्रश्न समोर ठेवून आम्ही इंग्रज कवी जॉन मिल्टन याची 'पॅराडाइज लॉस्ट' (१६६७) आणि 'पॅराडाइज रिगेन्ड' (१६७१) ही काव्ये पुन्हा वाचली.

प्रश्नाचे मूळ इन्जीलमध्ये आहे. लूकच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूंना जगातली सारी राज्ये दाखवतो. ही सत्ता माझ्याकडे सोपवली आहे, मला सिजदा केलास तर ती तुझी, असा तो सौदा मांडतो. योहानच्या शुभवर्तमानात खुद्द येशू त्याला तीनदा जगाचा अधिपती म्हणतात. मग सत्ता सोपवली कोणी? एक जुने उत्तर असे, की आदमच्या पतनानंतर माणूस सैतानाच्या ताब्यात गेला. चौथ्या शतकातल्या निसाच्या ग्रेगरीने येशूंचे बलिदान ही सैतानाला दिलेली खंडणी मानली. गळाच्या आमिषाला मासा फसावा तसा सैतान तिला फसला, असा दाखला त्याने दिला. अकराव्या शतकाच्या अखेरीस ॲन्सेल्मने हे नाकारले. सैतान आणि माणूस दोघेही खुदाचेच. मग चोराचा हक्क कसला?

म्हणजे ख्रिस्ती परंपरेतच हा वाद आहे. मिल्टन त्यात कुठे उभा राहतो?

'पॅराडाइज लॉस्ट'च्या आजच्या प्रतींतील दहाव्या सर्गात सैतान विजयी होऊन नरकात परततो. पाप आणि मृत्यू यांनी तोवर नरकापासून दुनियेपर्यंत पूल बांधलेला असतो. दुनिया जिंकल्याची बढाई मारून तो टाळ्यांची वाट पाहतो, तर चहूकडून फूत्कार ऐकू येतात. सारा दरबार साप झालेला, आणि तोही! सत्तेची यापेक्षा कठोर टीका आम्ही वाचलेली नाही. मात्र आरंभीच्या सर्गांत मिल्टनने सैतानाला इतकी जोरदार वाणी दिली आहे, की वाचक त्याच्यावरच भाळतो. हा या काव्याचा दोष आहे.

'पॅराडाइज रिगेन्ड'मध्ये उलट घडते. चार सर्गांच्या या काव्यात येशू ठाम आहेत, त्यामुळे संघर्षात चुरस कमी. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. राज्ये मला दिलेली आहेत, या सैतानाच्या दाव्यावर येशू बजावतात, की ती तुला दिलेली नाहीत. फार तर मुभा मिळाली, आणि तू ती बळकावलीस. ताबा आणि मालकी यांतला हा फरक आहे. राजेशाहीविरुद्ध लेखणी झिजवून १६६० मध्ये राजा परतलेला अनुभवणाऱ्या अंध कवीला हा फरक चांगला ठाऊक असणार.

आपल्या दृष्टीने पाहिले तर फरक राहतोच. कुरआननुसार हजरत आदम यांची तौबा कबूल झाली. त्यांचा गुनाह औलादीवर चढत नाही. सूरह इब्राहीमच्या बाविसाव्या आयतीत तर कयामतच्या दिवशी शैतान स्वतःच कबूल करतो, की माझा तुमच्यावर कसलाही जोर नव्हता; मी फक्त बोलावले, तुम्ही आलात. इक्बाल यांच्या 'जावेदनामा'त (१९३२) इब्लिस तक्रार करतो, की आदमची औलाद फारच लवकर शरण येते.

तरीही मिल्टन आणि आपण एका ठिकाणी भेटतो: सैतानाकडे सनद नाही. वर्गात चूक पकडली की मुले चटकन म्हणतात, "सर, शैतानने बहका दिया." आम्ही हसतो. पण दंगल, हुंडा, लाचखोरी यांबद्दल आपण मोठी माणसे तरी वेगळे काय बोलतो? सैतानाला दुनियेचा मालक ठरवले की आपली जबाबदारी संपते. ती संपू न देणारे काव्य कोणत्याही धर्माच्या कवीचे असो, आपण ते वाचले पाहिजे.