हळदीवरचं पोस्टर

परवा वारंगा फाट्यावर खिचडी खाताना समोरच्या पोराच्या टी-शर्टवर लाल जीभ दिसली. रोलिंग स्टोन्सची. बँडचं नाव त्याला माहीत नव्हतं. पूर्वी मला याचा राग यायचा. जॉन पॅश या विद्यार्थ्याने १९७० मध्ये ती जीभ काढली, सुरुवातीला ५० पौंड मिळाले, आणि २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने मूळ चित्र विकत घेतलं. एवढं मला पाठ आहे, कारण मी पुण्यात कोड लिहितो आणि उरलेल्या पगारात जुन्या कॉन्सर्टचे कागद जमवतो.

या छंदातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोरची पोस्टर्स. वेस विल्सनने १९६६ मध्ये त्यांवर अशी अक्षरं काढली की वाचायला माणूस थांबलाच पाहिजे. ज्वाळेसारखी, एकमेकांत घुसलेली. व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरची छाप त्यांवर स्पष्ट दिसते. मी एक ऑनलाइन घेतलं, ते निघालं नंतरची छपाई. कार्यक्रमाआधी छापलेल्या प्रतीलाच खरा भाव. (दोन महिने घरी सांगितलं नाही.) पण मग लक्षात आलं, की कोऱ्या करकरीत अवस्थेत उरलेली प्रत म्हणजे भिंतीवर कधी न लागलेली प्रत. ज्या पोस्टरने आपलं काम टाळलं, त्यालाच आपण सगळ्यात जास्त पैसे देतो.

आपल्याकडे उलट आहे. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकल जॅक्सन अंधेरीत नाचला. त्या तिकिटांवरच्या करमणूक कराचा वाद २०२१ पर्यंत चालला. म्हणजे चाहत्यांनी तिकीट हरवलं असेल, सरकारी फाइल मात्र शाबूत!

एप्रिलमध्ये मामाच्या शेतात गेलो. शिजवलेली हळद वाळत घातलेली, अवकाळी आभाळ, आणि ढिगावर भीमजयंतीच्या गाण्यांच्या कार्यक्रमाचं फ्लेक्स. डिझाइन म्हणून ते वाईटच आहे, उगाच कौतुक करणार नाही. शुभेच्छुकांचे वीसेक चेहरे, आणि गायिका कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढी. विल्सनच्या पोस्टरवर बँडसाठी थांबावं लागतं, इथे गायिका शोधावी लागते.

तरी मी ते मागितलं. मामा म्हणाला, "ठिवून काय करतूस? हळद भिजल की."

त्याचं बरोबर होतं. पण माझंही होतं. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव गायले. त्यांची गाणी छापली गेली, लोकांच्या तोंडी राहिली. पण कोणत्या वर्षी, कोणत्या गावात, कोणाच्या ओट्यावर, साथीला कोण, हे सांगणारे कागद किती उरलेत? फिलमोरच्या एकेका रात्रीचा हिशेब मला बसल्या जागी सापडतो. मामाच्या गावात गेल्या वर्षी कोण गायलं, यावर घरातच तीन मतं पडली.

शेवटी फोटो काढला. फाइलला गायिकेचं नाव, गाव, तारीख दिली. खाली साथीदारांची नावं होती, ती हळदीने पिवळी पडली होती. ढोलकीवाल्याचं आडनाव लागलंच नाही.

मे महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा हळद वसमतला गेली होती. फ्लेक्स गोठ्यावर होतं, छापील बाजू आत. म्हशीच्या डोक्यावर वीस चेहरे. मामाने शिडी धरली, मी आडनाव वाचायला वर चढलो.