टॅक्सी थांबली म्हणून चव कळली?

टॅक्सीच्या अ‍ॅपवरून कुठे जास्त प्रवासी उतरतात ते मोजायचं आणि त्यावरून शहरातली लोकप्रिय हॉटेलं, बार ठरवायचे, ही युक्ती आज हुशारीची मानली जाते. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. तेव्हा ही व्याख्या न्यायशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहू.

पहिला दोष अव्याप्तीचा. जे मोजायला हवं तेच निसटतं. साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीवर माणसं चालत येतात, दुचाकीवर येतात. सांगलीत भडंग घ्यायला कोण टॅक्सी करतो? गावाकडचा माणूस वडापनं नाहीतर एस.टी.नं येतो. ही सगळी गिऱ्हाइकं हिशेबाबाहेर. उलट, पिऊन गाडी चालवायची नाही म्हणून बारला जाणारा टॅक्सी बोलावतो आणि बारचं पारडं आपोआप जड होतं.

दुसरा अतिव्याप्तीचा, नको ते आत येतं. बारसमोर उतरलेला माणूस माडीवरच्या दवाखान्यातही गेला असेल.

याची झळ खऱ्या माणसांना बसते, बरं का. उबरनं २०१२ मध्ये रात्रीच्या फेऱ्यांवरून प्रवाशांच्या एका रात्रीच्या संबंधांचा अंदाज बांधून तो प्रसिद्ध केला होता. पुढे तो मजकूर काढून टाकला. महानगरात माणूस गर्दीत लपतो. आमच्या पेठेत चार फेऱ्यांवरून नाव कळतं.

तेव्हा यादी करायचीच तर तिला ‘टॅक्सीनं येणाऱ्यांची ठिकाणं’ एवढंच म्हणा. आणि फेऱ्या मोजक्याच असतील तिथे करूच नका.